मुलांना घेऊन व्हॅलेन्सियाला

स्पेनची सहल म्हटली की आपल्याकडच्या टूर कंपन्यांचा मार्ग ठरलेला असतो. बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल, जमलंच तर ग्रानादा. आठ-नऊ दिवसांत चार शहरं, एक दिवसाआड बॅगा भरायच्या आणि सकाळी साडेसातला बसपाशी हजर व्हायचं. मोठ्यांना हे झेपतं. पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही, आणि त्याला झेपलं नाही की घरातल्या कुणालाच झेपत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर चार शहरांचा मोह सोडा. एकच शहर निवडा, तिथे पाच-सहा रात्री मुक्काम करा, आणि ते शहर समुद्राकाठचं असू द्या. माझ्या मते स्पेनमध्ये यासाठी व्हॅलेन्सियाइतकं सोयीचं शहर दुसरं नाही.

माद्रिद आणि बार्सिलोनानंतरचं हे स्पेनमधलं तिसरं मोठं शहर. वस्ती आठ लाखांच्या आसपास. जमीन सपाट, त्यामुळे बाबागाडी ढकलताना दम लागत नाही. किनारा वाळूचा आणि रुंद. शहरात मेट्रो, ट्राम आणि बस आहे. शिवाय इथला माणूस भात खातो, ही गोष्ट आपल्या मुलांच्या बाबतीत किती मोलाची आहे ते परदेशात तिसऱ्या दिवशी कळतं. माद्रिदहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत इथे पोहोचता येतं. भारतातून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतंच. विमानतळावरून मेट्रोच्या 3 आणि 5 क्रमांकाच्या गाड्या शहरात येतात, त्यामुळे टॅक्सी करायलाच हवी असं नाही.

या शहराचा नकाशा मुलांना समजावून सांगायचा तर सुरुवात एका न वाहणाऱ्या नदीपासून करावी लागते. तुरिया नदी पूर्वी जुन्या शहराला वळसा घालून समुद्राला मिळायची. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तिला भीषण पूर आला, शहर बुडालं, माणसं गेली. त्यानंतर सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या कालव्यात नेली. रिकाम्या झालेल्या पात्रातून मोठा वाहनरस्ता न्यायचा बेत होता. लोकांनी विरोध केला, आंदोलन केलं, आणि तिथे बाग झाली. आज हे सुमारे नऊ किलोमीटरचं हिरवं पात्र शहराच्या पश्चिम टोकापासून बंदराच्या जवळपर्यंत जातं. वरून जुने-नवे पूल जातात, गाड्या त्या पुलांवरून पळतात, आणि खाली तुमची मुलं एकही रस्ता न ओलांडता किलोमीटरच्या किलोमीटर धावू शकतात. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात आईबापांना इतका वेळ मुलाचं मनगट सोडून चालता येत असेल असं मला वाटत नाही.

म्हणून राहायची जागा शोधताना हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा पात्रापासूनचं अंतर बघा. जुन्या शहराची उत्तरेकडची कड, सेर्रानोस बुरुजांच्या आसपास, किंवा पात्राच्या पूर्वेकडच्या भागात, जिथून मोठं मत्स्यालय चालत गाठता येतं, अशा दोन जागा उत्तम. रुसाफा हा भाग खाण्यापिण्यासाठी नावाजलेला आहे, पण रात्री तिथली मैफल लवकर उठत नाही, तान्हं मूल असेल तर टाळा. समुद्राला लागून काबान्याल ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे, रंगीत फरशांनी मढवलेल्या बुटक्या घरांची. मुलांना फक्त वाळू आणि पाणीच हवं असेल तर तिथे राहा, मात्र जुन्या शहरात यायला दर वेळी ट्राम किंवा बस धरावी लागेल हे ध्यानात घ्या. स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली तर चार पैसे जास्त गेले तरी घ्या. कुकर नेऊ नका. तांदूळ, दही, बटाटे, टोमॅटो, मसूर सगळं तिथे मिळतं, फोडणीचं साहित्य तेवढं घरून न्या.

पात्रातली पहिली भेट गलिव्हरला. लिलिपुटच्या किनाऱ्यावर दोरांनी जखडलेला गलिव्हर इथे जमिनीवर उताणा पडला आहे, सत्तर मीटर लांबीचा. त्याचे केस, त्याच्या कोटाच्या चुण्या, बोटं, सगळ्यांच्या घसरगुंड्या आणि चढण्याच्या वाटा केल्या आहेत. खेळणारं मूल त्याच्या अंगावर लिलिपुटकरांएवढंच दिसतं. 1990 पासून ही जागा आहे आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. यात एकच अडचण: जवळून पाहिलं तर तो माणूस आहे हे कळतच नाही, नुसते चढउतार दिसतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री मुलांना गलिव्हरची गोष्ट सांगा आणि वरून काढलेलं एखादं छायाचित्र दाखवा. मग तिथे गेल्यावर नाक कुठे, तलवार कुठे, हे शोधण्यात त्यांचा तास जातो. उन्हाळ्यात त्याचं अंग दुपारी तापतं, तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळीच जा, आणि मुलांना पूर्ण लांबीची विजार घाला. हाफ पँटमध्ये मांड्या सोलवटतात.

तिथून पूर्वेकडे थोडं चाललं की पांढऱ्या इमारतींचा तो प्रसिद्ध समूह येतो, कला आणि विज्ञान नगरी. सान्तियागो कालात्रावा हा वास्तुशिल्पी व्हॅलेन्सियाचाच. पापणीसारखी उघडमीट करणारी चित्रगृहाची इमारत 1998 मध्ये खुली झाली, मग विज्ञान संग्रहालय, 2003 मध्ये ओशनोग्राफिक हे मत्स्यालय आणि त्यानंतर संगीत नाट्यगृह. मत्स्यालयाच्या मुख्य इमारतीचं कमळासारखं छत फेलिक्स कान्देला याने आखलेलं. बाहेरून फिरायला तिकीट नाही. पण ऊन असताना या पांढऱ्या फरश्यांवरून येणारी तिरीप डोळ्यांना सहन होत नाही, मुलांना टोपी आणि गॉगल हवाच. आजूबाजूला उथळ निळ्या पाण्याचे विस्तीर्ण हौद आहेत. मुलं त्यात उतरायचा हट्ट धरतील, उतरू देत नाहीत.

ओशनोग्राफिक हे युरोपातलं सर्वांत मोठं मत्स्यालय. समुद्र आणि अधिवास यांप्रमाणे दालनं वेगळी केलेली आहेत, काचेच्या बोगद्यातून चालताना शार्क डोक्यावरून जातात. बेलुगा हे पांढरे देवमासे इथे आहेत. 2024 च्या उन्हाळ्यात युद्ध चालू असताना युक्रेनमधल्या खारकीव्हहून दोन बेलुगांना आधी रस्त्याने आणि मग विमानाने इथे आणलं गेलं. मोठ्या मुलांना ही हकिगत सांगितली की ती काचेपुढून हलत नाहीत. एवढा मोठा जीव टाकीत का ठेवायचा, असा प्रश्न दहा-बारा वर्षांचं मूल विचारतंच. विचारू द्या, आणि त्यावर घाईने काही गुळमुळीत उत्तर देऊ नका. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, कारण रांगेत उभं राहण्यात मुलांचा उत्साह संपतो. मोठी दालनं जमिनीखाली आणि गारव्यात आहेत, त्यामुळे बाहेर ऊन कडक असताना इथे जाणं शहाणपणाचं.

एकत्रित तिकीट स्वस्त पडतं म्हणून त्याच दिवशी विज्ञान संग्रहालयही उरकायचं, हा बेत मात्र करू नका. संग्रहालय चांगलं आहे. वस्तूंना हात न लावण्यास मनाई, असंच तिथलं ब्रीद आहे. पण आठ वर्षांखालच्या मुलांना त्यातलं फार थोडं कळतं, आणि मत्स्यालयात दमलेल्या मुलांना तेवढंही कळत नाही.

पात्राच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या टोकाला बायोपार्क आहे. 2008 मध्ये सुरू झालेलं हे प्राणिसंग्रहालय आफ्रिकेतल्या प्राण्यांचं. गज आणि जाळ्या डोळ्यांना दिसू नयेत अशी रचना केली आहे. पाण्याचे चर, खडक, झाडोरा यांच्या आड कुंपणं लपवली आहेत, त्यामुळे जिराफ आणि झेब्रा एकाच गवताळ रानात चरताना दिसतात. मादागास्करच्या भागात तर लेमूर पायवाटेवर येतात. मत्स्यालय आणि बायोपार्क, दोन्हींची तिकिटं चार माणसांच्या कुटुंबाला जड जातात. एकच परवडणार असेल तर सहा वर्षांखालच्या मुलांना बायोपार्कला न्या, त्यावरच्यांना मत्स्यालयात. दोन्ही जागा नऊ किलोमीटरच्या एकाच पात्राने जोडलेल्या आहेत. मोठी मुलं सायकल चालवत असतील तर हा प्रवास सायकलवर करा, भाड्याने लहान सायकली आणि मुलांच्या आसनाच्या सायकली मिळतात. स्पेनमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, दुकानदाराकडून मागून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॅलेन्सियात मुलांचे हाल होतात ते घड्याळामुळे. इथे दुपारचं जेवण दोनला सुरू होतं आणि रात्रीचं नऊला. दुपारी चारनंतर बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरं बंद होतात ती आठ-साडेआठपर्यंत. साडेसहाला भुकेलं मूल घेऊन जेवायला निघालात तर दार उघडं दिसेल, पण मिळेल फक्त कॉफी आणि पर्यटकांसाठी गरम करून ठेवलेलं काहीतरी. त्यात भारतातून आलेल्या मुलांचं शरीर उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे धावत असतं, हिवाळ्यात साडेचार. पहाटे पाचला ती टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सातला टेबलावर डोकं टेकतात.

पहिले दोन दिवस घड्याळाशी भांडू नका. मुख्य जेवण दुपारी दोनला बाहेर करा, बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक दरातलं तीन पदार्थांचं जेवण मिळतं, त्याला मेन्यू देल दिया म्हणतात. रात्री खोलीवर दहीभात किंवा ऑम्लेट-पाव. तिसऱ्या दिवसापासून मुलांना हळूहळू स्पॅनिश वेळेवर सरकवा. सकाळी अकराच्या सुमाराला इथे सगळे भलामोठा पाव खातात, तो तुम्हीही खा. दोनला जेवण, मग खोलीवर येऊन पडदे ओढून झोप. ही झोप चुकवली तर पुढचा दिवस गेला म्हणून समजा. साडेपाचला मुलांचं खाणं, त्याला मेरियेन्दा म्हणतात, आणि सहानंतर पुन्हा बाहेर. मे-जूनमध्ये नऊच्या पुढेही उजेड असतो. रात्री दहाला चौकात जा. आईबाप टेबलांवर बसलेले, आणि त्यांची मुलं मधल्या मोकळ्या जागेत चेंडू खेळत असतात. तुमचं मूल त्यात शिरेल, भाषा येत नसली तरी. कुणी तुमच्याकडे वळून बघणार नाही, मूल रडलं तरी नाही. उत्तर युरोपातून आलेल्या मराठी कुटुंबांना हा मोठाच दिलासा वाटतो.

समुद्र याच संध्याकाळच्या पाळीत बसवा. लास आरेनास, मालवारोसा आणि त्यापुढे पाताकोना असे सलग किनारे आहेत, 4 क्रमांकाची ट्राम त्या बाजूला जाते. वाळू इतकी रुंद आहे की पाण्यापर्यंत चालताना दुपारी तळवे भाजतात, चपला पाण्याच्या कडेपर्यंत घालून जा. कोकणात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट चमत्कारिक वाटेल: भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे किल्ला बांधला तिथे तो संध्याकाळीही असतो, लाटेने नाही तर दुसऱ्या पोरांनी मोडेपर्यंत. पण म्हणून समुद्र गरीब समजू नका. पूर्वेचा वारा सुटला की लाटा आणि ओढ दोन्ही वाढतात. किनाऱ्यावरचा झेंडा बघायची सवय मुलांनाच लावा: हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे पाण्याबाहेर. जेलीफिश आल्या असतील तर त्याची खूण असलेला झेंडा लागतो. दंश झाला तर गोड्या पाण्याने धुऊ नका आणि चोळू नका, समुद्राच्या पाण्याने धुवा आणि जीवरक्षकांच्या चौकीवर न्या. किनाऱ्यावर अंग धुवायला फवारे आहेत. बायका उघड्या छातीने ऊन खात पडलेल्या दिसतील, मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा.

मे महिन्यात पाणी गारच असतं, अठरा-एकोणीस अंश. जूनमध्ये बावीसच्या घरात जातं आणि ऑगस्टमध्ये कोमट होतं. पण ऑगस्टमध्ये हवा दमट आणि उष्ण, किनाऱ्यावर स्पेनमधल्या सगळ्या शाळांची मुलं. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि स्पेनच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात. आपल्याला मिळालेला हा मोकळा महिना फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. जूनचा पहिला पंधरवडा पकडा.

किनाऱ्यावर होआकिन सोरोया या चित्रकाराची आठवण निघायलाच हवी. 1863 मध्ये इथेच जन्मलेल्या सोरोयाने या वाळूवर इझल लावून उघड्या उन्हात पोहणारी मुलं, ओले कपडे, पाण्यावरचा चकाकता उजेड रंगवला. शहराच्या वेगवान रेल्वेच्या स्थानकाला त्याचंच नाव आहे. नदीच्या काठावरच्या ललितकला संग्रहालयात त्याची चित्रं आहेत आणि प्रवेश विनामूल्य आहे. मुलांना अर्ध्या तासापेक्षा जास्त तिथे थांबवू नका, पण समुद्रावर एक दिवस घालवल्यानंतर न्या, आधी नको.

जेवणाकडे वळू. पाएया हा पदार्थ याच शहराच्या आसपासचा, आणि इथला माणूस त्याबाबत कर्मठ आहे. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात मासे नसतात. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, आणि गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, म्हणजे आपली डबल बी. कधी गोगलगायीही. सशाचं मुलांना आधी सांगायचं की जेवल्यावर, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं. पाएया दुपारी खातात, रात्री खाणारा पर्यटक समजला जातो. किमान दोन माणसांचा करतात आणि मागवल्यावर अर्धा तास तरी लागतो, त्यामुळे मुलांच्या हातात आधी पाव द्या. कढईच्या तळाला लागलेली खरवड इथे मानाची, तिला सोकार्रात म्हणतात. खरवडून खायला कुणी हसणार नाही.

मासे खाणाऱ्या मुलांसाठी आर्रोस देल सेन्योरेत मागवा, त्यात कोळंबी सोललेली येते, हात घाण होत नाहीत. फिदेवा म्हणजे भाताऐवजी शेवया घालून केलेला तसाच प्रकार, मुलांना पाएयापेक्षा हाच जास्त आवडतो. शाकाहारी मंडळींनी भाज्यांचा पाएया मागवताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: एल काल्दो एस दे बेर्दुरास? म्हणजे ज्या रश्शात भात शिजतो तो भाज्यांचा आहे का? कारण वर फक्त भाज्या दिसल्या तरी खाली कोंबडीचा रस्सा असू शकतो. एनसालादा मिक्स्ता या साध्या वाटणाऱ्या कोशिंबिरीवर ट्यूना मासा असतो. क्रोकेतास बहुधा डुकराच्या मांसाचे. अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पाताताससारखा दुसरा आधार नाही, बटाट्याचं जाड ऑम्लेट, गार झालं तरी चालतं, डब्यात नेता येतं. आणि एक सापळा. आग्वा दे बालेन्सिया, म्हणजे व्हॅलेन्सियाचं पाणी, असं नाव असलेलं संत्र्याच्या रंगाचं पेय दिसेल. त्यात फेसाळ वाइन, जिन आणि व्होडका असते. संत्र्याचा रस समजून मुलांसाठी मागवू नका. रस्त्यावरच्या झाडांना लागलेली संत्रीही तोडू देऊ नका. ती कडू जातीची असतात, हे पहिल्या फोडीतच कळतं.

मुलांना बिनधास्त द्यावं असं पेय म्हणजे ओर्चाता. नागरमोथ्याच्या कुळातल्या एका गवताच्या गाठी भिजवून, वाटून, गाळून काढलेलं हे गोड पांढरं दूध. त्यात गाईचं दूध नाही आणि काजू-बदामही नाहीत, त्यामुळे दुधाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही एरवी चालतं. बरोबर फार्तोन नावाचे लांबट मऊ पाव, ते बुडवून खायचे. या गाठींची शेती शहराच्या उत्तरेला आल्बोराया गावात होते. मेट्रोच्या 3 क्रमांकाने तिथे जाऊन शेतांच्या कडेने चक्कर मारावी आणि गावातच ओर्चाता प्यावं, शहरातल्या दुकानांपेक्षा ते ताजं लागतं.

भाताची शेतं बघायची तर उलट दिशेला, दक्षिणेला आल्बुफेराला जा. दहा-बारा किलोमीटरवर उथळ पाण्याचं मोठं सरोवर आहे, मध्ये फक्त झाडीची एक पट्टी सोडली की पलीकडे समुद्र. भात इथे अरबांनी आणला. मे महिन्यात लावणी होते, शेतं पाण्याने भरलेली असतात, सप्टेंबरात कापणी. एल पाल्मार गावातून सपाट बुडाच्या होड्या सरोवरात नेतात, सूर्यास्ताची फेरी घ्यावी. शहरातून 24 क्रमांकाची बस एल पाल्मारला जाते, पण फेऱ्या मोजक्याच, उतरताच परतीच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी डास असतात, मलम न्या.

जुन्या शहरात दिवसभर फिरणं मुलांना नकोसं होतं. दोन सकाळी पुरेत, आणि देवळं-वाडे दाखवण्याऐवजी शोधाशोध लावा. रेशीम बाजार म्हणजे ला लोन्हा, पंधराव्या शतकाच्या अखेरीला बांधायला घेतलेली वास्तू, तिच्या भिंतींवरून बाहेर झुकलेले चित्रविचित्र दगडी प्राणी मोजायला सांगा. समोरच्या मेर्कादो सेन्त्रालमध्ये फळं, खारे मासे, सुका मेवा यांचे शेकडो गाळे आहेत. तिथे दुपारी तीनच्या आत जायचं, रविवारी बंद. बाजूच्या सान्त होआन चर्चच्या शिखरावर एक पक्षी आहे. जुन्या काळी आरागोनच्या डोंगरातून गरीब बाप आपल्या मुलांना घेऊन इथे यायचे, तो पक्षी बघ, नजर हलवू नकोस असं सांगायचे, आणि मूल वर बघत असताना गर्दीत नाहीसे व्हायचे, म्हणजे एखादा व्यापारी त्याला नोकर म्हणून ठेवून घेईल, अशी दंतकथा आहे. ही गोष्ट मुलांना तिथे उभं राहून सांगायची की नाही याचा विचार करा. एल कार्मेन भागात भिंतीच्या तळाशी मांजरांसाठी केलेलं चिमुकलं घर आहे, आणि लोपे दे बेगा चौकात जेमतेम मीटरभर रुंदीची एक इमारत. दोन्ही शोधून काढायला लावा.

गुरुवार असेल तर बाराच्या ठोक्याला कॅथीड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी थांबा. काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी अर्धवर्तुळात बसतात आणि पाटांच्या पाण्यावरून झालेले तंटे तोंडी चालवून तिथल्या तिथे निकाल देतात. तंटा नसेल तर दोन मिनिटांत आटोपतं, मुलांना कंटाळायला वेळच मिळत नाही. हे न्यायालय शतकानुशतकं चालत आलं आहे, 2009 मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली. धुळे-नाशिककडच्या वाचकांना पांझरा-मोसमवरची फड पद्धत आठवेल. तिथेही पाणी वाटायचा अधिकार शेतकऱ्यांनी आपल्याच हातात ठेवला होता.

मार्चमध्ये, 15 ते 19 तारखांना, फायास हा उत्सव असतो. गणेशोत्सवातल्या मंडळांसारखी गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर वर्गणी जमवून प्रचंड व्यंगपुतळे उभारतात आणि 19 च्या रात्री सगळे जाळून टाकतात. 1 मार्चपासून रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा जो कडकडाट होतो तो पोटात जाणवतो. तीन वर्षांखालच्या मुलाला घेऊन या दिवसांत अजिबात जाऊ नका. मोठ्यांना कानाला संरक्षण देऊन न्या, मुलांचे छोटे पुतळे मोठ्यांच्या आधी जाळतात ते बघायला सोपं. इतर महिन्यांत गेलात तर फायासचं संग्रहालय बघा, दर वर्षी लोकांच्या मतांनी जाळण्यातून वाचवलेले पुतळे तिथे ठेवलेले आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर हा परिच्छेद नीट वाचा. 29 ऑक्टोबर 2024 रोजी, आपल्याकडे धनत्रयोदशी होती त्या दिवशी, व्हॅलेन्सिया प्रांतात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि दोनशेवीसहून अधिक माणसं गेली. शहर बहुतांशी वाचलं ते 1957 नंतर खोदलेल्या त्या नव्या पात्रामुळे. त्याच्या पलीकडची पायपोर्ता, कातार्रोहा ही गावं बुडाली. लोकांच्या फोनवर इशारा पोहोचला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. शरद ऋतूत या किनाऱ्यावर असा पाऊस अधूनमधून होतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरात असाल तर सकाळी स्पेनच्या हवामान खात्याचा रंग बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर त्या दिवशी गाडी घेऊन शहराबाहेर जायचं नाही, तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरायचं नाही, आणि कोरडा दिसला तरी ओढा ओलांडायचा नाही. संकटात फोन 112.

विसाचं थोडक्यात. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा, सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहा वर्षांखालच्यांना माफ. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. जन्माचा दाखला लागतो, आणि आई किंवा वडील यांपैकी एकच बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या. हिरव्या क्रॉसची खूण असलेली औषधांची दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि किरकोळ तक्रारीवर तिथला फार्मासिस्ट चांगला सल्ला देतो.

पाच रात्रींपेक्षा कमी वेळ हाताशी असेल तर आधी मत्स्यालय गाळा, मग बायोपार्क. त्याने सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यात कमी बिघडतं. दुपारची झोप आणि संध्याकाळचा समुद्र मात्र यादीतून काढू नका.